मधुमालतीच्या जागचं ऊन

भिंतीपलीकडून शेजारच्या काकांचा आवाज आला तेव्हा ती पिटुनियाचं रोप पिशवीतून काढून खड्ड्यात बसवत होती. तिचा हात तसाच थांबला. मुळांभोवतीची ओली माती बोटांतून सुटून खाली पडली.

"चुकलं माझं," काका म्हणत होते. "बाटली बघायला हवी होती."

मग त्यांच्या मुलीचा आवाज आला. ती ओरडत नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हतं. लहान मुलाला समजावावं तशी ती सांगत होती, की बाबा, आज वेलीला अ‍ॅसिड घातलंत, उद्या चहाच्या आधणात घालाल. मागची खोली आता बंद राहणार. पकडी, स्क्रू-ड्रायव्हर, बाटल्या, सोल्डरिंगचं सामान, सगळं आत राहील आणि कुलूप लागेल. काका "बरं" म्हणाले. थोड्या वेळाने, कुणी काही न विचारताच, पुन्हा म्हणाले, "चुकलं माझं."

भिंत छातीएवढी होती. गुडघ्यांवर बसलेली ती पलीकडून कुणाला दिसणं शक्य नव्हतं, तरी ती आणखी खाली वाकली. रोप खड्ड्यात ठेवून तिने माती दाबली, पुन्हा दाबली, इतकी की देठ एका बाजूला कलंडला.

अ‍ॅसिड तिने ओतलं होतं.

गल्लीत सगळे तिला लॅबवाल्या ताई म्हणत. चौकातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम ती इतकी वर्षं करत होती, की माणूस बाही वर करायच्या आधीच तिला शीर कुठे सापडेल ते कळायचं. म्हातारी माणसं तिच्यासाठी थांबून राहत. "त्या ताईंचा हात हलका आहे," असं म्हणत. या घरात राहायला आली तेव्हा मागच्या अंगणात बांधकामाचा राडारोडा पडला होता. विटांचे तुकडे, खिळे, गंजलेली बिजागरी, सिमेंटचे दगड झालेले गोळे. लॅबमधून आल्यावर अंधार पडेपर्यंत ती ते वेचत बसायची. मग दरवर्षी एकेक सुधारणा होत गेली. विटा तिरक्या रोवून वाफ्यांना कड केली. स्वयंपाकघरातल्या मोरीचं पाणी नळीने गुलाबांपर्यंत नेलं. न्हाणीघरातलं तडा गेलेलं बेसिन फेकून न देता जमिनीत पुरलं आणि त्यात कमळाचे कंद सोडले. डेलियांना आधार म्हणून पडद्यांच्या जुन्या दांड्या उभ्या राहिल्या.

नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. संध्याकाळी अंगणात येऊन तो उंबऱ्यावरच थांबायचा आणि म्हणायचा, "दिवसभर दुसऱ्याच्या ब्रेकवर पाय ठेवून येतो. घरी तरी मला पाय ठेवायला जागा ठेव."

एकच गोष्ट तिच्या हातात नव्हती, ती म्हणजे ऊन. पलीकडे काका-काकूंची मधुमालती होती. बुंधा त्यांच्या बाजूला, भिंतीच्या अगदी लगत, मनगटाएवढा जाड. तिथून ती वर चढून भिंत ओलांडायची आणि हिच्या वाफ्यांवर छत धरायची. थंडी सरून फुलायचे दिवस आले, की नेमकी तिलाही पालवी फुटायची, आणि सकाळचं सगळं ऊन ती वरच्या वर पिऊन टाकायची. खाली डेलिया उंच आणि किडकिडीत व्हायचे. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडायचे. आपल्या बाजूला आलेल्या फांद्या ती कापायची, आणि पंधरवड्यात त्या परत यायच्या.

तिने काकांना सांगितलं होतं. भिंतीवर हात ठेवून, नीट, मर्यादेने. काकांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "अहो, त्यात काय. रविवारी छाटतो." रविवार गेला. पुन्हा सांगितलं, तेव्हा ते चकित झाले. "मग आधी का नाही बोललात? रविवारी छाटतो." तिसऱ्यांदाही तेच, तेच हसणं, तोच रविवार. हा माणूस तोंडावर गोड बोलून आपल्याला वेड्यात काढतोय असं तिने ठरवून टाकलं. काकूंना सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांचा त्या वेलीवर जीव होता. संध्याकाळी फुलं उमलून वास सुटला, की त्या पायरीवर येऊन बसायच्या आणि भिंतीवरून हाक मारून म्हणायच्या, "अगं, आलीस का? बाहेर ये, वास बघ कसा सुटलाय."

थंडीच्या शेवटी तिने एक नवा गुलाब आणला होता, पिकलेल्या जर्दाळूच्या रंगाचा. त्याला कळ्या धरल्या आणि सावलीत एकेक करून गळून पडल्या. ज्या संध्याकाळी शेवटची कळी गळाली त्या संध्याकाळी ती न्हाणीघर घासत होती. काका-काकू रिक्षाने कुठेतरी गेलेले तिने पाहिलं होतं. अ‍ॅसिडची बाटली हातात घेऊनच ती अंगणात आली, भिंतीवरून वाकली आणि बुंध्याशी ओतली. मातीतून फेस आला आणि वास नाकात गेला. विचार करून केलं असं म्हणता आलं नसतं, आणि रागाच्या भरात झालं असंही नाही, कारण पुढच्या आठवड्यात ती दोघं पुन्हा बाहेर गेली तेव्हा तिने उरलेली बाटलीही रिकामी केली. पहिल्या वेळी भरलेली बाटली वर उचलताना थोडं तिच्या बाजूच्या भिंतीवर सांडलं होतं. तिथल्या रंगाला फोड आले. त्यापुढे तिने जास्वंदाची कुंडी सरकवून ठेवली.

वेल खालून वर वाळत गेली. काकूंनी पाणी घातलं, खत घातलं, माती उकरली, तेव्हा मुळाशी पांढरं पडलेलं दिसलं. काकांचं पूर्वी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकान बंद झाल्यावर त्यांनी सगळं सामान मागच्या खोलीत आणून मांडलं होतं. त्यात अ‍ॅसिडची एक जुनी बाटली निघाली, निम्मी. बाकीचं कुणाला शोधावं लागलं नाही.

आता तिच्या अंगणात सकाळपासून ऊन होतं. तिने नुसती कल्पना केली होती तसंच सगळं झालं. पिटुनिया वाफ्याच्या कडेवरून ओसंडले. डेलियांनी माना ताठ केल्या. जर्दाळूच्या रंगाचा गुलाब एकदम इतका फुलला, की नवऱ्याने मोबाइलवर फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. गल्लीतल्या बायका तिच्या मागच्या फाटकाशी थांबायला लागल्या. एकीने विचारलं, काय घालता हो झाडांना? ती म्हणाली, काही नाही, ऊन येतं. आणि आत निघून गेली.

काकाही एका सकाळी भिंतीपाशी आले. त्यांच्या हातात तांब्याच्या तारेचा तुकडा होता. तो ते बोटाला गुंडाळत होते आणि सोडवत होते. खोलीला कुलूप लागल्यापासून दिवसभर त्यांचं तेवढंच काम होतं.

"ताई, यंदा तुमची फुलं बघत राहावीत अशी आलीत," ते म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "आमची वेल माझ्या हातून गेली."

ती "हं" म्हणाली आणि नळी दुसऱ्या वाफ्यात टाकायला वळली. त्या दिवसापासून ती पाणी घालायला काळोख पडता पडता बाहेर यायला लागली. काकू हाक मारायच्या, ती आत भांडी घासत असल्यासारखा नळ सोडून ठेवायची.

रविवारी काकांची मुलगी पुढच्या दाराने तिच्याकडे आली. दमलेली दिसत होती. बसायला सांगितलं तरी ती उभीच राहिली. म्हणाली, की मागच्या खोलीची किल्ली आईकडे ठेवून उपयोग नाही, बाबा गोड बोलून काढून घेतात. तुमच्यावर आमचा विश्वास आहे, तुम्ही ठेवाल का? आणि ते मागे एकटेच दिसले तर जरा नजर टाकाल का? दोघांना आपल्या फ्लॅटवर न्यायचं चाललंय, असंही तिने सांगितलं. पाचवा मजला आहे, बाल्कनी छोटी आहे, पण दार बंद केलं की निदान काळजी नाही. डॉक्टरांकडे दोनदा नेलं होतं थंडीत, स्मरणशक्ती तपासायला. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की अजून दोघं वेगळे राहू शकतील. पण आता हे वेलीचं झाल्यावर धीर होत नाही.

थंडीत दोनदा. म्हणजे रिक्षाने ती दोघं गेली होती ती तिथे.

तिने हात पुढे केला. किल्ली घेतली. मुलगी म्हणाली, "तुमचे फार उपकार आहेत, ताई," आणि ती म्हणाली, "त्यात काय."

मुलगी गेल्यावर तिने किल्ली आधी डब्यात ठेवली, मग डब्यातून काढून कपाटात, मग कपाटातल्या साड्यांच्या खाली. रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, की त्या वेलीचं तुला काहीतरी सांगायचंय. नवऱ्याने ताटातून डोकं वर काढलं नाही. त्याने सांगितलं, की अ‍ॅसिडची बाटली संपलेली त्याने तेव्हाच पाहिली होती आणि नवीन आणून ठेवली होती. न्हाणीघर काही तेवढं स्वच्छ झालेलं दिसत नव्हतं. बाकी त्याचं म्हणणं असं, की झाड काय, गेलं. म्हाताऱ्याला उद्या आठवणारही नाही. तू कशाला जीव जाळतेस? तो ताट उचलून गेला. इतके दिवस त्याला माहीत होतं आणि त्याने एका शब्दाने विचारलं नव्हतं, हे तिच्या घशाखाली उतरेना.

मग काकू काकांना घेऊन लॅबमध्ये आल्या. मुलीच्या सांगण्यावरून सगळ्या तपासण्या करायच्या होत्या. रक्त काढणारी दुसरी बाई मोकळी होती, पण काकूंनी मान हलवली आणि हिच्यासाठी थांबल्या.

काकांनी खुर्चीत बसून बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. बारीक, डागांचा, सोल्डरिंगच्या जुन्या चटक्यांचा हात. शीर दिसत होती. तिने पट्टा बांधला, कापूस फिरवला, सुई घातली आणि ती चुकली. रक्त आलं नाही. पुन्हा घातली, पुन्हा नाही. शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. हिचा हात चुकलेला तिथे कुणी पाहिला नव्हता.

"सॉरी, काका," ती म्हणाली.

"नाही हो, माझीच शीर लपली असेल," काका म्हणाले. दुखलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांच्या कडांना दिसत होतं. "हल्ली माझंच काहीतरी चुकतं. वेलीचं ऐकलंत ना तुम्ही?"

तिने सुई खाली ठेवली आणि शेजारच्या बाईला बोलावलं.

संध्याकाळी ती घरी न जाता सरळ काकूंकडे गेली. काकू मटार सोलत होत्या, काका खिडकीशी बसले होते. तिने चपला काढल्या आणि दारातच उभं राहून सांगून टाकलं.

"काकू, ती वेल मी मारली. आमच्या बाथरूमचं अ‍ॅसिड ओतलं. काकांनी काही केलेलं नाही."

काकूंच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली. त्या तिच्याकडे बघत राहिल्या आणि हळूहळू त्यांचे डोळे भरून आले.

"यांच्यासाठी म्हणतेस ना?" त्या म्हणाल्या. "मनाची मोठी आहेस गं तू. पण असं पांघरूण घालून कसं चालेल?"

ती म्हणाली, नाही, खरंच मी. काकू मान हलवत उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. खिडकीतून काका म्हणाले, "नाही हो ताई. मीच तो. यांनी मला सगळं दाखवलं." तिने पुन्हा सांगितलं, तारीख-वार सांगायला लागली, तर काकूंनी आतूनच, "पुरे आता, बस," म्हणून तिला गप्प केलं. चहा आला. बरोबर त्यांनी बशीत बिस्किटं ठेवली होती. तिने तो चहा प्यायला. निघताना काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

घरी येऊन ती अंधारात पलंगावर बसली. चहा नाही म्हणायला हवा होता. निदान तेवढं तरी करायला हवं होतं.

पुढच्या रविवारी मुलगी आली, तेव्हा ती वाट बघतच उभी होती. तिला तिने घरातून मागच्या अंगणात नेलं. फुलं पाहून मुलीच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं, ती काहीतरी चांगलं बोलणार होती. हिने ते बोलू दिलं नाही. जास्वंदाची कुंडी दोन्ही हातांनी धरून बाजूला ओढली. मागे भिंतीवर फोड आलेला, पोपडे सुटलेला लांबट डाग होता, वरून खाली ओघळलेला.

"हे आमच्या बाजूने सांडलं," ती म्हणाली. "दोनदा ओतलं मी. तुम्ही काकांना डॉक्टरकडे नेलंत ना, ते दोन दिवस."

मुलीने डागावर बोट फिरवलं. बोटाला लागलेली पांढरी पूड पाहिली. भिंतीवरून पलीकडे वाकून वाळका बुंधा पाहिला. ती बराच वेळ तशीच वाकून होती. सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा लाल होता.

"मी तुम्हाला किल्ली दिली," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही घेतलीत."

"हो."

मुलगी वाफ्याच्या विटांच्या कडेवर बसली. तिच्या पायाखाली दोन पिटुनिया चिरडले, ते तिला कळलं नाही. हिला कळलं. तिने किल्ली पुढे केली. मुलीने ती घेतली आणि मुठीत आवळून धरली.

न राहवून हिने विचारलं, की मग आता त्यांना न्यायचं रद्द होईल ना?

"ते विसरतात, ताई," मुलगी म्हणाली. "तेही खरंच आहे. आज नाही तर वर्षाने न्यावंच लागेल." मग म्हणाली, "पण वर्ष म्हणजे वर्ष असतं. त्यांच्या हिशेबात फार असतं ते."

ती उठली. साडीची माती झटकली नाही.

"आईला मी सांगते. बाबांना तुम्ही सांगा. आणि ते विसरतील. विसरले की पुन्हा सांगा."

काकांना तिने त्याच दिवशी सांगितलं, मुलगी शेजारी उभी असताना. या वेळी त्यांना पटलं, कारण मुलीने मान डोलावली. ते तार बोटाला गुंडाळत ऐकत होते. रागावले नाहीत. त्यांना कोडं पडलं होतं.

"पण का हो?" त्यांनी विचारलं.

"इकडे ऊन येत नव्हतं."

"मग मला सांगायचं ना," काका म्हणाले. "मी छाटली असती."

मुलगी तिच्याकडे बघत होती. ते तीन रविवार तिच्या अगदी ओठांवर आले. तिने ते गिळले.

"हो," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं."

त्या संध्याकाळी मागची खोली उघडली. तिने कुलूप निघाल्याचा आवाज ऐकला, मग दिवा लागला, मग बऱ्याच वेळाने एखाद्या जुन्या रेडिओची खरखर आली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका भिंतीपाशी आले आणि वाळक्या बुंध्याकडे बोट करून म्हणाले, "ही माझ्या हातून गेली."

ती लॅबला निघाली होती. पर्स खांद्यावर तशीच ठेवून तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मग ते रोजचं झालं. अगदी रोज असंही नाही, कधी दोन दिवस ते त्याबद्दल बोलत नसत, आणि तिला वाटायचं की बसलं असेल डोक्यात. मग एखाद्या सकाळी तेच वाक्य यायचं. ते प्रत्येक वेळी नव्याने ऐकायचे, म्हणून प्रत्येक वेळी तिलाही ते नव्यानेच सांगावं लागायचं. एकदा ते इतके संतापले, की हातातली पकड त्यांनी जमिनीवर आपटली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. एकदा हसले. एकदा फक्त कारागिराच्या उत्सुकतेने त्यांनी विचारलं, की कुठलं होतं अ‍ॅसिड, घरगुती का? ते पातळ असतं, त्याने एवढं होईल असं वाटत नाही. तिने सांगितलं, दोनदा ओतलं. "हां, मग होईल," काका म्हणाले. एका सकाळी ते ऐकून रडले, आवाज न करता, आणि ती भिंतीच्या या बाजूला लॅबच्या पांढऱ्या कोटात उभी राहिली. हात पोचत होता, पण ठेवायचा कसा ते कळेना.

फाटकाशी फुलांचं कौतुक करायला आलेल्या बाईलाही तिने सांगून टाकलं, की पलीकडची वेल मी मारली म्हणून इकडे ऊन आलं. बाईचं हसू तोंडावरच राहिलं. मग गल्लीत ते सगळ्यांना कळलं. नवरा चिडला. सगळीकडे दवंडी पिटायची काय गरज होती, असं त्याने विचारलं. त्याच्याकडे गाडी शिकायला येणारी एक मुलगीसुद्धा गिअर टाकता टाकता त्याला विचारत होती म्हणे, की ते अ‍ॅसिडवालं घर तुमचंच का? लॅबमध्ये म्हातारी माणसं अजूनही तिच्यासाठी थांबायची, पण शेजारच्या टेबलावरची रांगही आता बऱ्यापैकी असायची.

काकू मात्र बोलत नव्हत्या. भांडल्या नाहीत, टोमणा मारला नाही. एकदाच, दुकानात समोरासमोर आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही आधी घ्या, मला घाई नाही." तुम्ही. इतक्या वर्षांत काकूंनी तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. ती काय घ्यायला आली होती तेच विसरली आणि रिकामी पिशवी घेऊन परत आली.

उन्हाळा चांगलाच तापला, तसे पिटुनिया संपत आले. ती सुकलेली फुलं खुडत होती. पलीकडे काकू दोरीवर कपडे टाकत होत्या. दोघी एकमेकींपासून चार हातांवर होत्या आणि दोघींनाही ते माहीत होतं. मागच्या खोलीतून काका बाहेर आले. चष्मा कपाळावर चढवलेला, हाताला सोल्डरिंगचा वास. ते बुंध्यापाशी थांबले. तो आता कापून जमिनीबरोबर केला होता.

"इथे आपली मधुमालती होती," ते म्हणाले. "माझ्या हातून गेली."

तिने खुडलेली फुलं टोपलीत टाकली आणि उठली. तोंड उघडलं, तेवढ्यात काकू बोलल्या.

"तुमच्या हातून नाही गेली."

काका वळले. काकूंच्या हातात ओला टॉवेल होता. तो दोरीवर न टाकता त्यांनी पोटाशी धरला होता.

"कुणाच्या हातून गेली ते या सांगतील," त्या म्हणाल्या, हिच्याकडे न बघता. "रोज सांगतातच. पण मी सांगितलेलं नाही ते सांगते. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, मी नाही ओतलं. दिवसभर म्हणत होतात. माझी बाटली मी हलवलेलीसुद्धा नाही, म्हणालात. मी आणि पोरीने मिळून तुम्हाला पटवलं. रात्रीपर्यंत बसून पटवलं. मग तुम्ही म्हणायला लागलात, चुकलं माझं."

ओल्या टॉवेलचं पाणी काकूंच्या पदरावर पसरत होतं.

भिंतीच्या या बाजूला तिची मान खाली गेली. इतके दिवस ती समजत होती, की या सगळ्यात आपल्या वाट्याचा दोष किती आहे ते आपल्याला पूर्ण ठाऊक आहे.

"मी म्हणालो होतो?" काकांनी विचारलं.

"हो."

"मी नाही ओतलं, असं?"

"हो."

काका विचार करत राहिले. चष्मा त्यांनी कपाळावरून खाली, डोळ्यांवर घेतला.

"मग बरोबर म्हणालो होतो मी," ते म्हणाले, आणि परत खोलीत गेले.

काकूंनी टॉवेल दोरीवर टाकला, त्याची टोकं ओढून सारखी केली. मग बराच वेळ त्या ती टोकं सारखी करत राहिल्या. हीसुद्धा गेली नाही. 

संध्याकाळी ती वाफ्यांना पाणी घालत होती. उजेड असतानाच घालत होती आता. पलीकडच्या पायरीवर बसून काका मोबाइलवर मुलीशी बोलत होते. मोठ्याने, फोनवर बोलायची त्यांची जुनी सवय होती तसं.

"मी नव्हतं ओतलं," ते सांगत होते. "मी तेव्हाच म्हणालो होतो. विचार तुझ्या आईला."

सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांनी ते लक्षात धरून ठेवलं होतं. तिने नीट ऐकू यावं म्हणून नळीचं तोंड मुडपून पाणी अडवलं. आता आपला विषय निघेल म्हणून ती थांबली. काका पुढे बोलत होते. एका जुन्या रेडिओची आकड्यांची पट्टी मिळत नव्हती, ती कुठे मिळेल ते मुलीला विचारत होते. तिच्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

मुडपलेल्या नळीत पाणी तटून राहिलं होतं. तिने ती सोडली आणि पुढच्या वाफ्याकडे गेली.